पिंपळाशी काडीमोड

बाईला सवत असू शकते. त्यासाठी मराठीत शब्द आहे, ओव्या आहेत, शिव्याही आहेत. पण एखाद्याच्या बायकोला आधीचा एक नवरा असेल, आणि तो मेलेला नसेल, सुटलेला नसेल, गावाच्या तोंडाशी चांगला हिरवागार उभा असेल, तर त्याला काय म्हणायचं याची सोय कुणी करून ठेवलेली नाही. शरदचंद्र मनातल्या मनात त्याला नुसतं 'तो' म्हणायचे. जुन्या बायका नवऱ्याचा उल्लेख करायच्या तसा. हे त्यांच्या लक्षात आलं असतं तर त्यांनी तेही बंद केलं असतं.

तो म्हणजे आष्टीचा पिंपळ. परतूरकडून येणारा रस्ता गावात शिरतो तिथं, बाजाराच्या अलीकडे, त्याचा पार आहे. शरदचंद्रांची बायको मधुवंती आष्टीची. तिच्या पत्रिकेत मंगळ होता, आणि तोही असा कडक की गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि सांगितलं, या मुलीचा पहिला नवरा काही टिकत नाही, तेव्हा पहिला नवरा माणूस नको. अशा मुलीचं लग्न आधी मडक्याशी लावतात आणि मडकं पाण्यात सोडून देतात, की ग्रह शांत. पण मधुवंतीचे आजोबा हट्टी होते. माझी नात मडक्याला द्यायची का, म्हणाले. गावात एवढा पिंपळ असताना?

आणि त्या पिंपळात मुंजा होता. मुंज झालेला आणि लग्नाआधीच गेलेला कुठल्या तरी काळचा पोरगा, लग्नाची हौस मनात धरून झाडात बसलेला. भर दुपारी पाराजवळून कुणी गेलं की त्याला ताप भरायचा, बैल अडून बसायचे, सायकलींची हवा जायची. हवा इतक्या नेमानं जायची की बदरोद्दीन चाचांच्या वडिलांनी पंक्चरचं दुकान तिथंच टाकलं. आजोबांनी ही दोन्ही दुखणी एकमेकांच्या गळ्यात बांधली. पिंपळाला मुंडावळ्या बांधल्या, पिवळ्या साडीतली मधुवंती समोर उभी केली, मध्ये अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली. नवरदेवाच्या बाजूनं कुणीतरी पाहिजे म्हणून शेजारी या नात्यानं बदरोद्दीन चाचा उभे राहिले. त्या दिवसापासून मुंजानं कुणाला त्रास दिला नाही. लग्न झाल्यावर माणूस गप होतो तसा तोही झाला, असं गावात म्हणतात. धंदा बसला तो तेवढा चाचांचा.

शरदचंद्रांना हे कळलं ते त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या दिवशी. मधुवंतीचा धाकटा भाऊ मच्छिंद्र, तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेला, त्यांना हाताला धरून पारापाशी घेऊन गेला आणि म्हणाला, "दाजी, पाया पडा. तुमच्या आधीचे हायेत हे." सगळे हसले. शरदचंद्रही हसले, कारण नवरदेवाला हसावंच लागतं. पाया पडून वर बघितलं तर पानं सळसळत होती आणि खाली वाऱ्याचा पत्ता नव्हता.

आता पिंपळाचं पान लांब देठाला लोंबतं आणि एवढ्याशा झुळकीनंही हलतं, हे शरदचंद्रांना कुणी शिकवायला नको होतं. ते शेतकी पदवीधर. नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीत त्यांची सगळी नोकरी उगवण तपासण्यात गेली. ओल्या कागदाच्या गुंडाळीत बी ठेवायचं, ऊब द्यायची, मग किती फुटलं आणि किती कुजलं ते बघायचं. बी म्हणजे बी आणि झाड म्हणजे झाड, त्यात कुणी बसत नाही आणि कुणी उठत नाही, असं ते शेजारच्या टेबलावरच्या देवानंदला वरचेवर सांगत. देवानंदनं विचारलेलं नसतानाही सांगत.

तरी ते जळत होते. झाडात मुंजा नाही यावर त्यांचा जेवढा विश्वास होता, तेवढाच तो आपल्या बायकोला आवडतो यावरही होता.

त्यात सासूबाई हयात होत्या तोवर प्रत्येक भेटीत ऐकवायच्या, "जावईबापू, तुमच्या वाटचं सगळं त्यानं अंगावर घेतलंय बरं. त्याला विसरू नका." म्हणजे ज्याच्यावर जळायचं त्याचेच उपकार. पहिला नवरा टिकत नाही असं गुरुजी म्हणाले होते. शरदचंद्र दर खेपेला आष्टीत शिरताना आधी वर बघायचे, एखादी फांदी वाळली आहे का ते. तो तर दरवर्षी आणखी पसरत होता. शरदचंद्रांचे मात्र केस गेले, गुडघे गेले, पोट पुढं आलं.

श्रावणातल्या शनिवारी पिंपळाची पूजा असते. मधुवंती जालन्यातल्या कॉलनीतल्या बायकांबरोबर वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळायची, ते शरदचंद्रांच्या नावानं. त्या दिवशी साडी कोणतीही चालायची. आणि श्रावणातल्या शनिवारी सकाळच्या बसनं ती आष्टीला जायची, तेव्हा कपाटातली ठेवणीतली निघायची. बरोबर डब्यात घुगऱ्या, बाटलीत दूध. संध्याकाळी परत यायची ती अशी हलकी होऊन, की पायातल्या जोडव्यांचासुद्धा आवाज वेगळा येई. शरदचंद्र पेपर समोर धरून तो आवाज ऐकत बसायचे.

यंदा गोष्ट हाताबाहेर गेली ती तिच्या मोबाईलमुळे. मोबाईल उघडला की समोर दोघांचा फोटो यायचा, स्वराच्या, म्हणजे मुलीच्या, पदवीच्या दिवशी काढलेला. चैत्रात एक दिवस शरदचंद्रांनी वेळ बघायला तिचा मोबाईल हातात घेतला तर फोटो गायब. त्या जागी पिंपळ. नवी पालवी फुटलेला, तांबूस, ऊन खात उभा. मच्छिंद्रनं पाठवला होता आणि मधुवंतीनं लावून टाकला होता.

"आपला फोटो कुठं गेला?" त्यांनी विचारलं.

"हाय की आत कुठंतरी," मधुवंती म्हणाली. "ह्यो चांगला वाटला डोळ्याला."

त्या दिवशी कंपनीत त्यांनी ज्वारीचा चांगला उगवलेला एक नमुना नापास केला, आणि देवानंदनं दाखवून दिल्यावर मुकाट्यानं पास केला.

श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारी त्यांनी कंपनीच्या शेतातला प्लॉट बघायला जातो म्हणून अर्धी रजा टाकली आणि गाडी काढली. मधुवंती सकाळच्या बसनं गेली होती. माणूस बायकोच्या मागावर निघतो तेव्हा त्याला आपण कुणाच्या मागावर आहोत हे सांगता येतं. शरदचंद्रांना तेही सांगता येत नव्हतं. आष्टीत शिरताच त्यांनी गाडी चाचांच्या दुकानामागं लावली आणि हेल्मेट न काढता टायरांच्या ढिगाआड उभे राहिले.

"चाचा, हवा बघा जरा," ते हळू आवाजात म्हणाले.

बदरोद्दीन चाचांनी टायर दाबून बघितला, मग त्यांच्याकडे बघितलं, मग पाराकडे. "हवा तो बराबर हय जावईबापू," ते म्हणाले. "पन खडे रहो. खडे रहने को क्या लगता."

मधुवंती पारावर बसली होती. खोडाला पाठ टेकून, पाय लांब सोडून, चपला खाली काढून. घरात ती कधी अशी बसलेली शरदचंद्रांना आठवेना. दूध घालून झालेलं होतं, घुगऱ्यांवर मुंग्या लागल्या होत्या आणि ती बोलत होती. मोठ्यानं नाही, लपूनही नाही, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं.

"स्वराचा फोन आल्ता. घर बदलून राह्यली पोरगी, पाणी येत न्हाई म्हणती तिथं. मी म्हणलं, बदल बाई. अन आमच्या शेजारच्या शालूनं शिलाईचा क्लास काढलाय, मला ये म्हणती. जाऊ का? तुला काय वाटतं?"

तुला. शरदचंद्रांना सगळ्यात आधी ते टोचलं. लग्न झाल्यापासून त्यांच्या वाट्याला 'अहो' आलं होतं, आणि इथं सरळ अरे-तुरे चाललं होतं.

"अन ते सांगायचंच राह्यलं बघ," मधुवंती पुढं म्हणाली. तिनं मान मागं टेकली. "गाठीचा रिपोर्ट आला. काही न्हाई म्हणले डॉक्टर. चरबीची हाय साधी. मागच्या शनिवारी किती रडले तुझ्यापाशी. आता हसायला येतंय मलाच." आणि ती खरोखरच हसली, पदर तोंडाला लावून.

हे ऐकल्यावर शरदचंद्रांच्या मनात पहिल्यांदा 'बरं झालं, काही निघालं नाही' असं यायला हवं होतं. माणूस वाईट नव्हता, पण आलं वेगळंच. गाठ होती, रिपोर्ट होता, रडणं होतं, आणि हे सगळं हिनं त्याला सांगितलं. मला नाही. एका अंथरुणावर झोपणाऱ्या माणसाला नाही, आणि साठ-सत्तर किलोमीटरवरच्या झाडाला सांगायला ही बस बदलून येते. हेल्मेटच्या आत त्यांना घाम फुटला. त्यांनी गाडी चालू न करताच ढकलत रस्त्यापर्यंत नेली.

संध्याकाळी मधुवंती घरी आली, तिनं पिठलं टाकलं, भाकरी केल्या. शरदचंद्र ताटावर बसून वाट बघत राहिले, आता सांगेल, मग सांगेल.

"काय म्हणतंय आष्टी?" शेवटी त्यांनी विचारलं.

"काय म्हणायचंय. बरंय सगळं."

गाठीचं सरळ विचारावं तर टायरांमागचं उभं राहणं सांगावं लागलं असतं. मेले तरी ते त्यांना जमणार नव्हतं. जळणारा माणूस मोठा अभिमानी असतो. त्यांनी भाकरी उरवली आणि हात धुतला.

मग ते उपाय शोधायला लागले. आधी ओळखीच्या गुरुजींना गाठून, एका मित्राचं म्हणून विचारलं. गुरुजी म्हणाले, मडक्याचं असतं तर विसर्जनाबरोबर सुटलं. झाडाशी लागलेलं झाड पडेपर्यंत धरायचं. झाड पाडणं तर शक्यच नव्हतं. त्या पिंपळाला कुऱ्हाड लावणारा माणूस आष्टीत काय, आख्ख्या तालुक्यात मिळाला नसता, आणि खरं सांगायचं तर शरदचंद्रांची स्वतःचीही छाती झाली नसती. झाडात कुणी बसत नाही हे ठाऊक असणं वेगळं आणि त्याच्यावर घाव घालणं वेगळं.

अशात त्यांना काडीमोड आठवला. त्यांच्या आजोबांच्या बहिणीची तशीच सुटका झाली होती, लहानपणी घरात ते बोलणं असायचं. कोर्ट नाही, वकील नाही. पंचांसमोर गवताची काडी मोडायची आणि संबंध संपला म्हणून सांगायचं. लग्न गावच्या रीतीनं लागलं असेल तर ते गावच्याच रीतीनं मोडतं, हे त्यांना एकदम पटलं. इतकं पटलं की त्या दिवशी ऑफिसात ते शीळ घालत होते.

बुधवार निवडला, कारण बुधवारी मधुवंती आष्टीत असण्याचा प्रश्न नव्हता. कंपनीच्या प्लॉटवरून एक चांगली लांब, कोरडी काडी घेतली, शर्टाच्या खिशात उभी ठेवली. मच्छिंद्र आता आष्टीच्या बाजारात खत-औषधांचं दुकान चालवतो. त्याला बोलावून घेतलं. दुसरे पंच म्हणून बदरोद्दीन चाचांना पाना खाली ठेवायला लावला.

"दाजी, खरंच करून राह्यले का तुम्ही हे?" मच्छिंद्रनं विचारलं. त्याला हसू आवरत नव्हतं. त्यानं मोबाईल काढला आणि व्हिडिओ चालू केला.

"तू नुसता उभा राहा. साक्षीदार पाहिजे."

"सोच लेव जावईबापू," चाचा म्हणाले. "मय इस के तरफ से खडा था शादी में. अब इस के खिलाफ गवाही देने लगाते क्या?"

"खिलाफ न्हाई चाचा. बघा फक्त."

शरदचंद्रांनी पायातले बूट काढले. का काढले हे त्यांना सांगता आलं नसतं. पारासमोर उभे राहून त्यांनी खोडाकडे बघितलं. पंच म्हणून बोलावलेले दोघं, रस्त्यावरून जाणारा एक ट्रॅक्टर आणि समोर तो, एवढा रुंद की दोन माणसांच्या कवेत मावणार नाही. शरदचंद्रांनी घसा साफ केला. "मधुवंतीचा अन तुझा आजपासून काही संबंध न्हाई," ते म्हणाले आणि त्यांनी काडी मोडली. कटकन आवाज आला. दोन्ही तुकडे त्यांनी बुंध्याशी ठेवले.

परत येताना त्यांनी रस्त्यावरच्या गाड्यावरून मोसंबी घेतली. घरी आल्यावर स्वतः सोलून फोडी मधुवंतीपुढं ठेवल्या. तिनं त्यांच्याकडे जरा बघितलं आणि खाल्ल्या. त्या रात्री शरदचंद्र एखाद्या नव्या नवरदेवासारखे गाढ झोपले.

गुरुवारी ऑफिसातून आले तर दाराला कुलूप. शेजारची शालू किल्ली घेऊन आली.

"मधुताई आष्टीला गेल्या," ती म्हणाली. "मीच सोडलं स्टँडवर. मोठी बॅग होती सोबत."

शरदचंद्रांनी दारातच उभं राहून फोन लावला. मधुवंतीनं उचलला.

"कधी येणार?"

"कशाला येऊ?"

"म्हणजे?"

"मच्छिंद्रनं व्हिडिओ पाठवला. बघितला मी, दोनदा बघितला."

शरदचंद्र ओशाळले, पण थोडे सुखावलेही. "अगं मंग कळलं न तुला. तुझी सुटका केली मी त्याच्यापासून."

"त्याच्यापासून?" मधुवंतीचा आवाज चढला नाही, तीच पंचाईत होती. "काडी कोण मोडत असतंय? नवरा. बायकोला सोडायचं असंल तर नवरा मोडतो काडी, पंचासमोर. पिंपळानं मोडली का? त्यानं तर एक पानसुद्धा खाली टाकलं न्हाई. तुम्ही मोडली. तुमच्या हातानं, बूट काढून, दोघांसमोर. मंग मी सुटले कुणापासून?"

शरदचंद्रांना आजोबांच्या बहिणीची गोष्ट सगळी आठवली. काडी तिच्या नवऱ्यानंच मोडली होती. मोडून तो आपल्या वाटेनं गेला होता आणि ती माहेरी राहिली होती, मरेपर्यंत.

"मधु, हा काय पोरखेळ हाय?"

"मांडला कुणी?" ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

शरदचंद्र घरात आले. आपलं लग्न रीतसर लागलं आहे, नोंदलेलं आहे, काडीनं काही होत नसतं, हे त्यांनी स्वतःला बजावलं. मग ते स्वयंपाकघरात गेले, चहाची पावडर कोणत्या डब्यात असते ते शोधलं आणि सापडली नाही म्हणून नुसतं पाणी पिऊन बसले. आता ती पारावर बसली असेल. पाय सोडून. 'तुला सांगते' म्हणत असेल. आणि आता तिला संध्याकाळची बसही गाठायची नव्हती. आधी त्याच्याकडे शनिवार होते. काडी मोडून आपण त्याला आठवडा देऊन टाकला, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते अक्षरशः कण्हले.

शुक्रवारी सकाळी ते आष्टीत होते. मच्छिंद्र दुकानाबाहेरच भेटला. आज तो हसत नव्हता.

"दाजी, मी गंमत म्हणून काढल्ता व्हिडिओ. आता गावात सगळे बोलून राह्यलेत."

"काय बोलतात?"

मच्छिंद्रनं मान खाली घातली. "की जालनावाल्यानं अक्काला सोडली. ज्याची होती त्याला परत दिली."

मधुवंती पारावरच होती. साडी रोजचीच होती, केस नुकते धुतलेले. शरदचंद्रांना येताना बघून तिनं पाय आवरून घेतले, आणि ते आवरणं त्यांना फार लागलं. त्याच्यापुढं ती पाय पसरून बसते, आणि आपण आलो की आवरते.

"चल घरी," ते म्हणाले.

"कोणत्या नात्यानं?"

त्यांनी चाचांकडे बघितलं. चाचा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होते आणि मान वर करायला तयार नव्हते. म्हणाले एवढंच, "देखा सो देखा बोलना पडता जावईबापू. काडी तुमनेच तोडी."

शरदचंद्र मनात ठरवून आणलेलं सगळं विसरले. जे एवढे दिवस घशात अडकलं होतं तेच बाहेर आलं.

"गाठीचं मला का न्हाई सांगितलं?"

मधुवंतीनं चमकून बघितलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"ऐकलं. चाचांच्या दुकानामागून. तू ह्याला सांगत होतीस." त्यांनी पिंपळाकडे बोट केलं. त्यांचा आवाज कापत होता. "मी काय मेलो होतो का? माझ्याजवळ रडता आलं नसतं? झाडाला येऊन सांगितलंस, अन मला एका शब्दानं न्हाई."

"सांगितलं होतं," मधुवंती म्हणाली.

"कधी?"

"आषाढात. तुम्ही जेवत होता. मी म्हणलं, काखेत गाठ लागतीये हाताला, डाव्या. तुम्ही म्हणले, हं, देवानंदला विचारतो. मोबाईलमधून मान वर काढली न्हाई तुम्ही. मी वाट बघितली, उद्या विचारतील, परवा विचारतील. मंग एकटी गेले दवाखान्यात."

"मला आठवत न्हाई," शरदचंद्र म्हणाले.

"मला माहीत हाय."

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. रागावर त्यांच्याकडे उत्तरं होती. ते पाराच्या कडेवर हात टेकून उभे राहिले. वर पानं हलत होती, आणि पहिल्यांदाच त्यांनी देठाच्या लांबीचा विचार केला नाही.

"अन तो?" शेवटी त्यांनी विचारलं. "तो काय म्हणतो? तो तरी काय करतो तुझ्यासाठी?"

"काही म्हणत न्हाई. मी बोलते ते ऐकतो."

"झाड ऐकत नसतं, मधु."

"मंग जळता कशाला?"

शरदचंद्रांनी पाराच्या कडेवरचा हात काढून घेतला. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि रस्त्याकडे बघत बसली, पाहुणा उठायची वाट बघावी तशी. शरदचंद्र गाडीपाशी गेले. गाडी चालू केली आणि मागं न बघता परतूरच्या रस्त्याला लागले.

दोन्ही बाजूला कपाशी हिरवी उभी होती. एरवी ते वाटेत पिकं बघत जायचे, कोणतं बी कोणाचं ते ओळखत. आज काही दिसत नव्हतं. त्यांच्या मनात एकच होतं, की आत्ता या क्षणी ती त्याला सांगत असेल. आज कोण आलं होतं, काय म्हणालं, आवाज कसा कापत होता, उत्तर न देता कसा निघून गेला. आपल्याबद्दल ती काय सांगत असेल? आपण तिला कसे दिसतो? इतकी वर्षं हे ऐकायला समोर आपणच होतो आणि एकदाही विचारलं नाही. आता ते सगळं त्याला कळणार होतं, आपल्याला नाही. हा मत्सर त्यांना आधीच्या सगळ्या मत्सरांपेक्षा जास्त झोंबला. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, थोडा वेळ तशीच चालू ठेवली आणि वळवली.

मधुवंती खोडाला टेकून बोलत होती. गाडीचा आवाज आला तशी थांबली.

"काय राह्यलं?"

"माझ्याबद्दल सांगून राह्यलीस न त्याला?"

मधुवंतीनं त्यांच्याकडे सरळ बघितलं. "हो," ती म्हणाली.

"चालू दे. मी बसतो इथं."

"तुम्हाला सांगत न्हाई मी. त्याला सांगतेय. मधी बोलायचं न्हाई."

"न्हाई बोलत."

"खोटं हाय असं म्हणायचं न्हाई."

शरदचंद्रांनी मान हलवली. ते पार चढले, गुडघा धरून, आणि खोडाच्या दुसऱ्या अंगाला पाठ टेकून बसले. दोघांच्या मध्ये तो होता, रुंद आणि गार. तिचा चेहरा त्यांना दिसत नव्हता. त्यांना वाटलं, आपण आलो म्हणून ही आता बोलणार नाही. मग मधुवंतीनं खाकरून गळा मोकळा केला आणि पिंपळाला सांगायला सुरुवात केली, अगदी त्यांच्या लग्नाच्या दिवसापासून.